साडेसहा मिनिटं

वाद्यवृंदात व्हायोला वाजवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, आणि धाकटीला ते बावीस वर्षं सोयीचंच वाटत आलं होतं. व्हायोलिनवाल्यांची आपसात धुसफूस चालायची, चेलोवाले आपल्याच तोऱ्यात असायचे, आणि सगळ्यांच्या मागे बेसला टेकून उभा राहणारा धिप्पाड गृहस्थ, ज्याला सगळे डोंगर म्हणत, तो एकेकाची टोपी उडवत असायचा. व्हायोलावाले मधे. मधला सूर धरून ठेवायचा आणि घरी जायचं. कुणाच्या अध्यात नाही नि मध्यात नाही.

धाकटी हे तिचं नाव नव्हे. तिची थोरली बहीण याच वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर चेलो वाजवायची, आणि तालमीच्या मधल्या सुट्टीत "धाकटे, थर्मास आण गं" अशी सगळ्यांदेखत हाक मारायची. त्या हाकेतून नाव पडलं आणि ताई गेली तरी ते राहिलं. ताईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. जाताना ती पंचेचाळीसची होती. धाकटी आता पन्नाशीला टेकली होती. म्हणजे वयाने तीच थोरली झाली होती, पण असं तिला कुणी म्हणालं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते.

ताई गेल्यावर दोन महिन्यांनी वाद्यवृंदाने एक छोटी रचना वाजवली. भावोजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. भावोजी शाळेत संगीत शिकवायचे, उरलेल्या वेळात काहीबाही लिहायचे, आणि ते कुणी वाजवायचं नाही. ही रचना मात्र वाजली. नुसती तारवाद्यं, ना बासऱ्या, ना तुताऱ्या, ना नगारे. शेवटचा सूर विरला तेव्हा टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही. तेव्हापासून शहरात कुणी मोठं माणूस गेलं, कारखान्यात अपघात झाला, की ही रचना ठरलेली. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'तिच्यासाठी' असं नाव आणि खाली 'वेळ: साडेसहा मिनिटं' असं छापलेलं असे. वाजवणाऱ्यांपैकी कुणी ते वरचं नाव घेत नसे. तालमीत सगळे तिला नुसतं 'साडेसहा मिनिटं' म्हणत. खरं तर ती वाजवायला आठ मिनिटांच्या वर लागत, पण नाव पडलं ते पडलं.

तिच्यामागची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. बायको गेली त्याच आठवड्यात भावोजींनी दार लावून घेतलं, कुणाशी बोलले नाहीत, आणि एका बैठकीत हे लिहून बाहेर आले. पत्रिकेत दर वेळी तसं छापून येई. धाकटीची आई तर शेजारणीला, दूधवाल्याला, दवाखान्यात नंबराला बसलेल्या अनोळखी बाईलाही हे सांगायची. आणि सांगून झालं की पदराने डोळे टिपून म्हणायची, असा जावई मिळायला नशीब लागतं.

धाकटीने ही रचना कितीदा वाजवली याची गणतीच नव्हती. दर वेळी आजूबाजूचे डोळे पुसत, आणि तिचा मात्र खुर्चीखाली पाय हलत राही. तिला रडू यायचं नाही. उठून कुठेतरी जावं असं वाटायचं. कुठे ते कळायचं नाही. आपलं काळीज दगडाचं असावं, अशी तिने मनाशी समजूत करून घेतली होती.

त्या वर्षी कागदवाले काका निवृत्त झाले. सभागृहाच्या तिसऱ्या मजल्यावर एक अरुंद खोली होती, तिथल्या लोखंडी कपाटांतून वाद्यवृंदाचं सगळं संगीत ठेवलेलं असे. प्रत्येक वादकाचा वेगळा कागद, प्रत्येक रचनेची वेगळी फाइल. हे सगळं काकांनी सांभाळलं, हाताने नकलून काढलं, फाटलं ते चिकटवलं. आता त्यांचे गुडघे जिने चढू देईनात. किल्ल्या कुणी घ्यायच्या असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी छताकडे बघितलं, आणि शांतता सहन न होऊन धाकटीने हात वर केला.

पहिलंच काम आलं ते साडेसहा मिनिटांचं. रेडिओवाल्यांना ती रचना ध्वनिमुद्रित करायची होती, आणि जुने कागद खोडरबराने घासून घासून इतके पातळ झाले होते की मागचे सूर पुढे दिसत. नवा संच करायला हवा होता. मंगळवारी सकाळी धाकटी वर गेली, कपाट उघडलं आणि ती फाइल काढली. जुने कागद होते तितके मोजून बाहेर ठेवले. तरी फाइल रिकामी वाटेना. तळाशी पुठ्ठ्याच्या आत एक कागद सरकवलेला होता. चेलोचा, पहिल्या खुर्चीचा.

त्या कागदावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली, हे प्रत्येक वादक आपल्या कागदावर लिहून ठेवतोच, त्यात नवल नव्हतं. पण या खुणा डावीकडे कललेल्या होत्या. आणि समासात अक्षरं होती, डोक्यावर रेघ न दिलेली. घरात असं एकच माणूस लिहायचं. शाळेत बाई ओरडायच्या, वडील ओरडायचे, पण ताई कधी अक्षरांवर रेघ ओढायची नाही. म्हणायची, छप्पर घालत बसायला वेळ कुणाला आहे.

कागदाच्या माथ्यावर लिहिलं होतं: 'उभ्याउभ्या वाजवल्यासारखं. बसकण मारायची नाही.' मधे एके ठिकाणी: 'श्वास नको, सरळ पुढे.' आणि दुसऱ्या पानावर, जिथे सगळी वाद्यं थांबतात आणि दोन ओळी फक्त व्हायोला वाजतात, तिथे चेलोच्या रिकाम्या ओळीवर लिहिलं होतं: 'इथे आपण गप्प. धाकटीचं आहे.'

धाकटीने तो कागद खाली ठेवला, खोलीला कुलूप लावलं, एक मजला उतरली, परत वर आली, कुलूप उघडलं आणि कागद परत वाचला. अक्षर तेच. मेलेलं माणूस आपल्यामागे लिहिलेल्या संगीतावर खुणा करत नाही. म्हणजे ही रचना ताई असताना लिहिलेली होती.

संध्याकाळी तालमीत ती दोनदा चुकली. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने कोपराने ढोसलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की सगळे पान उलटून पुढे गेले आहेत. घरी गेल्यावर तिने ओटा घासला. मग घासलेला ओटा पुन्हा घासला. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघायची त्याला सवय होती. त्याने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं की काय झालंय. काही नाही, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला की काही नाहीला इतका साबण लागत नाही. ती हसली नाही. ते बघून त्याने पुढे विचारलं नाही.

तिच्या डोक्यात अकरा वर्षांपूर्वीचे महिने फिरायला लागले. त्या वसंतात ताईची पाठ धरली होती. निदान सगळ्यांना तसं सांगितलं होतं. धाकटी आणि तिचा नवरा तेव्हा घर बदलत होते. रोज नवी जागा बघायची, रोज नवा वाद. ताईकडे जायला हवं असं वाटायचं, फोन केला की ताई म्हणायची, "जा गं, जागा बघ तुझी. मी काय पळून जातेय?" पाठीचं दुखणं पाठीचं नाही, हे धाकटीला डॉक्टरांकडून कळलं तेव्हा नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांतले चार ताई शुद्धीवर नव्हती. अकरा वर्षं धाकटी समजत होती की कुणालाच आधी कळलं नव्हतं, आणि त्या समजुतीवरच ती कशीबशी उभी होती.

आणि भावोजी? ताई पलीकडच्या खोलीत पडलेली असताना हा माणूस इकडे बसून तिच्या मरणाचे सूर जुळवत होता. मग ती गेल्यावर लोकांचे हात हातात घेऊन सांत्वन करून घेत होता.

दुसऱ्या दिवशी ती कागदवाल्या काकांकडे गेली. ते तळमजल्यावर राहायचे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून, खिडकीशी शब्दकोडं घेऊन बसलेले. तिच्या हातातला कागद बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि कोड्यातला एक शब्द भरून टाकला. मग म्हणाले, सापडला तर.

त्यांनी सगळं सांगितलं नाही, पण जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. भावोजी मूळ प्रत घेऊन आले होते ते ताई जायच्या दीड महिना आधी. काकांनी सगळे कागद नकलून काढले. पहिला चेलोचा झाला तो ताईला हवा होता, म्हणून दिला. आठवड्याने ती स्वतः तो परत द्यायला आली, तीन जिने चढून. प्रत्येक वळणावर थांबत होती. वर आल्यावर खुर्चीवर बसली नाही, कपाटाला टेकून उभी राहिली. बसले तर उठता येणार नाही, म्हणाली. आणि हे कुणाला, विशेषतः धाकटीला, सांगायचं नाही, असं काकांकडून कबूल करून घेतलं.

"मग हा कागद टाकून का नाही दिलात?" धाकटीने विचारलं.

चाळीस वर्षांत हाताने खुणा केलेला एकही कागद आपण टाकलेला नाही, असं काका म्हणाले. पहिल्या चेलोला त्यांनी नवा कोरा कागद करून दिला आणि हा पुठ्ठ्यात सरकवला. पुढचं भावोजींना विचार, इतकं बोलून त्यांनी शब्दकोडं पुन्हा ओढून घेतलं, पण पेन्सिल काही कागदावर टेकली नाही.

भावोजींकडे जायला धाकटीने शनिवारपर्यंत धीर धरला. धरला म्हणजे काय, बुधवार, गुरुवार, शुक्रवार ती त्यांच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. शनिवारी दुपारी मात्र जिना चढली. दार उघडंच होतं. भावोजी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वय झालं होतं त्यांचं. शर्ट झटकताना एक हात दुसऱ्या हाताने उचलावा लागत होता. तिला बघून त्यांना आनंद झाला, चहा टाकतो म्हणाले. ती नको म्हणाली आणि कागद पुढे केला.

"हे कुणाचं अक्षर?"

भावोजींनी कागद घेतला नाही. हात ओले आहेत, म्हणाले. मग नुसतं बघत म्हणाले, "तिचंच."

"म्हणजे ती जिवंत असताना लिहिलंत."

"हो."

"ती पलीकडच्या खोलीत पडलेली, आणि तुम्ही इकडे बसून—"

"पलीकडच्या खोलीत नव्हती गं. इथेच होती, त्या पियानोशी. निम्मं तर तिनेच खोडलं."

धाकटीला बसवेना. ती खिडकीपासून पियानोपर्यंत आणि पियानोपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिली, आणि भावोजी चिमटे लावत लावत सांगत राहिले. दुखण्याचं नाव कळलं ते फेब्रुवारीत. डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर ताई रस्त्यात म्हणाली की, तू एरवी इतकं लिहितोस, आता माझ्यावर लिहिणारच आहेस, मग मी असतानाच लिही, म्हणजे चुका काढता येतील. त्यांना वाटलं, चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. त्यांनी लिहायला घेतलं, आणि लिहिलं ते अकरा मिनिटांचं झालं. तिने ऐकलं आणि म्हणाली, लोकांना इतका वेळ रडायला बसवू नकोस, घरी कामं असतात. साडेचार मिनिटं उडवली. जिथे जिथे सूर गळ्याशी येतो तिथे तिथे काट मारली. मी काही संथपणे जात नाहीये, म्हणाली. मला एका जागी दोन मिनिटं बसवत नाही, ते लिही. घरभर फिरायची. एक वस्तू उचलायची, दुसरीकडे ठेवायची, परत उचलायची. "ते आहे त्याच्यात," भावोजी म्हणाले. "शोकबिक काही नव्हतं."

"आणि तुम्ही दार लावून घेऊन एका बैठकीत लिहिलंत, ते?"

ते कुणीतरी पत्रिकेत छापलं. पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी त्यांना ते खोडून काढायचं सुचलं नाही, आणि नंतर खोडणं जमलं नाही. लोक येऊन हात धरून रडायचे. त्यांना काय सांगणार होते, की यातलं निम्मं तिचं आहे आणि ती हसत होती? तेव्हापासून त्यांनी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. लोकांना वाटलं, दुःखाने. खरं कारण म्हणजे काट मारायला कुणी उरलं नव्हतं.

एक प्रश्न धाकटीने शेवटपर्यंत मागे ठेवला होता. तो विचारताना तिचा आवाज चिरकला आणि त्याचाही तिला राग आला.

"मला का नाही सांगितलं?"

भावोजी गॅलरीतून आत आले, हात पुसले, आणि खोटं बोलायचं की नाही हे ठरवत असल्यासारखे उभे राहिले. मग खरं बोलले.

"ती म्हणाली, धाकटीला सांगितलं की ती माझ्याकडे बघून रडणार. मग मलाच तिची समजूत काढत बसावं लागेल. माझ्याकडे तेवढा वेळ नाही."

त्या दोन ओळी तिनेच व्हायोलांना द्यायला लावल्या, हेही त्यांनी सांगितलं. आपण म्हटलं, तो सूर व्हायोलिनचा आहे. ती म्हणाली, असू दे, तिथे धाकटी बसते.

धाकटीला यावर डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. भावोजींनी तर रुमालसुद्धा काढून ठेवला होता. पण तिला आला तो संताप, पायापासून डोक्यापर्यंत. इतके महिने लपवले आणि बदल्यात काय दिलं, तर दोन ओळी. ती तसं बोललीही. म्हणाली की, ताईने माझ्याबद्दल बरोबर ओळखलं होतं, मी रडले असते. पण रडून झाल्यावर थांबले असते ना तिच्याजवळ, की आयुष्यभर रडत बसणार होते? भावोजी म्हणाले की हे त्यांनाही तेव्हा पटलं नव्हतं. पण जाणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग दोघंही खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. जाताना तिने विचारलं, लय इतकी संथ कधीपासून झाली? पहिल्याच कार्यक्रमात, भावोजी म्हणाले. सगळ्यांना हळू वाजवावंसं वाटत होतं, आणि घाई करा असं सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

धाकटीने नवा संच करायला घेतला. दहा दिवस ती तिसऱ्या मजल्यावर बसून कागद तयार करत होती, आणि ते दहाही दिवस मनातल्या मनात ताईशी भांडत होती. एका हाताने खुणा उतरवायच्या आणि दुसरीकडे म्हणायचं, बघ, तुझंच काम करतेय, तेही तुला न विचारता. कधीकधी मोठ्याने बोलायची. एकदा डोंगर वर आला आणि दारातूनच परत गेला. ताईच्या सगळ्या खुणा तिने उतरवल्या. समासातली अक्षरंही उतरवली, फक्त दुसऱ्या पानावरची ओळ सोडून. ती तिने कुणाला दाखवली नाही.

ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी सकाळी तालीम होती. कंडक्टर भला माणूस होता. त्याने काठी उचलली, सगळ्यांकडे दुःखी नजरेने बघितलं आणि नेहमीच्या लयीत सुरुवात केली. बारा-पंधरा सूर झाले असतील. धाकटी उठून उभी राहिली. तिचा गज स्टँडला लागून खाली पडला. सगळे थांबले.

"ही लय चुकीची आहे," ती म्हणाली.

मागून डोंगर कुणाच्या तरी कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला, "व्हायोला बोलला." एरवी हशा पिकला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

धाकटीने उभ्यानेच सांगितलं. नवीन कागदांवरच्या खुणा कुणाच्या आहेत, त्या कधी केलेल्या आहेत, आणि पत्रिकेतली गोष्ट खरी कशी नाही. मोजक्या शब्दांत सांगितलं. चेलोवाल्यांपैकी एक जण म्हणाला की लोकांना ही रचना अशीच आवडते, ती कशाला बिघडवायची. पहिल्या व्हायोलिनवाल्या बाईंना वाटलं की, भावोजींना विचारल्याशिवाय हे करू नये. कंडक्टरने तिथल्या तिथे भावोजींना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, चला, जलद.

पहिल्यांदा सगळा विचका झाला. अकरा वर्षांची सवय हातात मुरलेली. कुणी पुढे पळालं, कुणी मागे रेंगाळलं. दुसऱ्यांदा थोडं सावरलं. तिसऱ्यांदा मात्र काहीतरी वेगळंच ऐकू यायला लागलं. तेच सूर, तोच क्रम, पण त्यात कुणी रडत नव्हतं. कुणीतरी घरात फिरत होतं. पलंगावरून उठत होतं, खिडकीशी जात होतं, कपाटाचं दार उघडून कशासाठी उघडलं ते विसरत होतं, आणि पुन्हा पलंगाकडे येऊन न बसताच वळत होतं. धाकटीच्या पायाला जे इतकी वर्षं कळत होतं ते आता सगळ्यांना ऐकू येत होतं.

मग सगळे थांबले आणि त्या दोन ओळी आल्या. धाकटीने त्या वाजवल्या, बाकीच्या व्हायोलांच्या बरोबरीने, पण गजावर इतका जोर देऊन की तारेतून खरखर निघाली. कंडक्टर म्हणाला, जरा मऊ. तिने प्रयत्न केला. जमलं नाही. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणातही ती खरखर तशीच राहिली. रेडिओच्या माणसाने पुन्हा घेऊ का असं विचारलं, आणि कंडक्टर काचेतून धाकटीकडे एकदा बघून म्हणाला, राहू द्या. भावोजी मागच्या रांगेत बसले होते. ते मधेच उठून भिंतीच्या कडेने पुढपर्यंत चालत आले, परत मागे गेले, आणि संपेपर्यंत चालतच होते.

रेडिओवर लागल्यावर सगळ्यांना ती जलद रचना आवडली असं नाही. सभागृहाच्या कार्यालयात दोन पत्रं आली, एकात लिहिलं होतं की तुम्ही एका दुःखी माणसाच्या दुःखाची थट्टा केलीत. धाकटीने ते भावोजींना वाचून दाखवलं. हे ऐकून तिला फार आवडलं असतं, भावोजी म्हणाले. धाकटी म्हणाली, तिचं नाव काढू नका, माझं अजून भांडण मिटलेलं नाही. तरी त्यानंतर ती अधूनमधून शनिवारी तिकडे जायला लागली, आणि एकदा पियानोवर एक नवं, नुकतंच लिहिलेलं पान दिसलं तेव्हा तिने ते मुकाट्याने वाचून एका ठिकाणी काट मारली. भावोजींनी खोडरबर शोधलं नाही.

रेडिओवर ती रचना पहिल्यांदा लागली ती, या पत्रांच्या आधी, एका रविवारी सकाळी. आईला हल्ली सभागृहापर्यंत जाणं होत नव्हतं, म्हणून धाकटी तिच्याकडे गेली. आईने सकाळपासूनच रेडिओ लावून ठेवला होता आणि शेजारणीलाही सांगून ठेवलं होतं, पण शेजारीण आली नाही. निवेदकाने नाव सांगितलं. आई टेबलाशी बसली, हात मांडीवर घेऊन, जशी ती पूर्वी सभागृहात बसायची. धाकटी खिडकीशी उभी राहिली.

संपलं तेव्हा आईच्या हातात पदर होता, पण तो डोळ्यांपर्यंत गेला नव्हता.

"आज लवकर आटोपलं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "वेगळंच वाटलं. ती लहानपणी आजारी पडली की अशीच करायची. झोप म्हटलं की घरभर फिरायची."

धाकटीने रेडिओ बंद केला. मला तुला काही सांगायचंय, म्हणाली, आणि आई म्हणाली, "मग बस की. मघापासून उभी आहेस."

ती बसली. सगळं सांगितलं: फेब्रुवारी, डॉक्टर, खोडलेली साडेचार मिनिटं, कपाटातला कागद. भावोजींचं दार लावून घेणं खोटं होतं, हेही सांगितलं. आईचा चेहरा बघून धाकटीला वाटलं की, सांगायला नको होतं. जिच्या जोरावर म्हातारीने अकरा वर्षं काढली ती गोष्टच आपण काढून घेतली.

आईने विचारलं, "तीन जिने चढली? तसल्या पाठीने?"

"हो."

"आणि त्या काकाने चढू दिलं?"

"त्यांना आधी कुठे ठाऊक होतं आई, ती वर आली तेव्हाच—"

"खाली उतरताना तरी सोबत आला का तिच्या?"

हे धाकटीने विचारलंच नव्हतं. तिने तसं कबूल केलं. आईने मान हलवली, टेबलावरून हात फिरवला, आणि म्हणाली की उद्याच्या उद्या जाऊन विचारून ये. मग खुर्ची जवळ ओढून घेतली आणि डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर ती रस्त्यात काय म्हणाली, ते पुन्हा सांग, म्हणाली. नीट, तिच्याच शब्दांत.